नवरा गप्प, घड्याळ बोललं

कोयनाकाठ (धागाकर्ती), रविवार, रात्री ११:४०

मंडळी, मी इथे बहुतेक वाचनमात्र असते. आज लिहायला बसले ते एका मनगटी घड्याळामुळे.

आमच्या लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगा ९ वर्षांचा आहे. नवरा सज्जन, कष्टाळू, निर्व्यसनी. ही विशेषणं मला रागात असतानाही खोडता येत नाहीत. पण भांडण झालं की माणूस बंद होतो. आवाज चढवत नाही, दार आपटत नाही, उलट उत्तर देत नाही. दुपारी एक वाजता दुकानदार शटर ओढतो ना, तसं. आत माणूस आहे हे माहीत असतं, पण कितीही ठोका, चारशिवाय उघडणार नाही.

या वेळचं निमित्त गणपती. दरवर्षी तो थोरल्या दिरांकडे असतो. यंदा त्यांची बिल्डिंग पाडायला काढलीये, म्हणून गौरी-गणपती आमच्याकडे. हे मला कुणी सांगितलं? जाऊबाईंनी, व्हॉट्सअ‍ॅपवर. "मखर कुठे ठेवणार, ठरलं का गं?" नवऱ्याला जूनपासून माहीत होतं! माझा आक्षेप गणपतीला नाही हो, मला जाऊबाईंकडून कळण्याला आहे.

मी विचारलं. आधी साधं विचारलं, मग जरा चढ्या आवाजात, मग अकरा वर्षांची उजळणी झाली. तो डायनिंग टेबलाशी पेपरातलं सुडोकू सोडवत बसला होता. माझं बोलणं चालू असताना त्याने शांतपणे एक आकडा भरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तेवढ्यात त्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. सूचना अशी की गेली दहा मिनिटं तुम्ही बसून आहात, तरी हृदयाचे ठोके १२० च्या वर आहेत.

मी घड्याळाकडे पाहिलं, मग सुडोकूकडे. एकाच ओळीत दोन सात लिहिलेले होते.

मंडळी, अकरा वर्षं मी धरून चालले होते की या माणसाला काही वाटतच नाही. मी बोंबलतेय आणि हा मस्त मजेत.

त्यानंतर अबोला अडीच दिवस चालला. मुलाची पोस्टमनकी सुरू झाली. "बाबांना सांग गॅसवाला येणारे." "आईला सांग मी जेवून आलोय." तिसऱ्या दिवशी पोरगा शाळेतून आला तो चेहरा पाडून. रिलेच्या संघातून त्याला काढलं होतं, हे मला नंतर दुसऱ्याच आईकडून कळलं. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही." आणि चित्रकलेची वही उघडून रंगवायला लागला. अगदी तोच चेहरा. सुडोकूवाला.

तेव्हापासून झोप नाही. गप्प बसणाऱ्या माणसाच्या आत नक्की काय चालतं? ते पोरात उतरतं का? आणि बाहेर बसलेल्या माणसाने, म्हणजे मी, नेमकं करायचं काय?

---

टवाळखोर, रविवार, रात्री ११:५२

आमचं घड्याळ भांडणानंतर "छान, आजचं व्यायामाचं उद्दिष्ट पूर्ण झालं" म्हणतं. बायकोला अजून सांगितलेलं नाही. (हलके घ्या.)

पण दोन सात... काय पकडलंत हो!

---

अनुजा_स, सोमवार, सकाळी ७:१५

मी मानसशास्त्र शिकवते, समुपदेशन करत नाही. तेव्हा माझ्याकडून सल्ला कमी आणि गोष्ट जास्त मिळेल. पण तुमचा प्रसंग वाचून चहा तसाच राहिला, कारण नेमका हाच प्रसंग, फक्त सुडोकूच्या जागी खेळणं घालून, प्रयोगशाळेत घडून गेलाय.

साठच्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला मेरी एन्सवर्थ या बाईंनी एक साधा प्रयोग बसवला. वर्ष-सव्वा वर्षाचं बाळ, त्याची आई, एक अनोळखी खोली, खेळणी. आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. एकदा बाळाजवळ अनोळखी बाई असते, एकदा ते अगदी एकटं. सगळं मिळून वीसेक मिनिटांचा खेळ. बरीच बाळं आई गेल्यावर रडली, आई आल्यावर तिला बिलगली, शांत झाली, पुन्हा खेळायला लागली. काही बाळं आई आल्यावरही शांत होईनात. कडेवर घे म्हणायची आणि घेतलं की लाथा झाडायची. तिसरा गट चमत्कारिक होता. आई गेली, ही खेळत राहिली. आई आली, यांनी मानही वळवली नाही. बघणाऱ्याला वाटावं, किती शहाणं, किती स्वावलंबी बाळ!

एन्सवर्थबाई मात्र फसल्या नाहीत, कारण त्यांच्या माणसांनी हीच बाळं वर्षभर घरी जाऊन, तासन् तास बसून पाहिलेली होती. घरी ती अशी थंड नव्हती. चिडायची, रडायची. आणि या घरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली होती: बाळ जवळ आलं की आई अंग चोरायची. बाळ काय शिकलं? रडलो तर ही आणखी लांब जाते. जवळ राहायचं तर गप्प राहिलेलं बरं.

पुढे १९७७ मध्ये स्राउफ आणि वॉटर्स या दोघांनी याच प्रयोगात बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. आपण एखाद्या गोष्टीत खरंच रमतो तेव्हा ठोका मंदावतो. या "शहाण्या" बाळांचे ठोके आई गेल्यावर वाढले, आणि आई परत आल्यावर, बाळं खेळण्याकडे बघत असतानाही, चढेच राहिले. म्हणजे खेळणं हे खेळणं नव्हतंच. तोंड लपवायची जागा होती.

तुमच्या नवऱ्याचं सुडोकू तसंच.

या सगळ्याला मराठी पुस्तकांत "आसक्ती" किंवा "अनुबंध" म्हणतात. वर्गात मी "लळा" म्हणते. लळा आपण ठरवून लावून घेत नाही, तो लागतो. आणि वासराला, कुत्र्यालाही लागतो, त्यामुळे उगाच फार उदात्त होत नाही.

---

घुमा, सोमवार, सकाळी ९:०३

आयडीवरून कळलंच असेल. मी तुमच्या नवऱ्याच्या पक्षाचा.

आत काय चालतं म्हणून विचारलंत. माझं सांगतो. बायकोचा आवाज बदलला की पहिल्या अर्ध्या मिनिटात कान गरम होतात. मग एक घूं असा आवाज सुरू होतो, जुन्या फ्रिजसारखा. ती बोलते ते ऐकू येतं पण अर्थ लागत नाही. डोक्यात एकच वाक्य फिरत असतं: "आता काहीही बोललास तरी आणखी बिघडेल." ते खरंही असतं, कारण त्या क्षणी मी जे बोलतो ते हमखास चुकीचं असतं. म्हणून हाताला काम शोधतो. मी नखं कापतो. एकदा बायको रडत होती आणि मी डाव्या अंगठ्याचं नख दुसऱ्यांदा कापत होतो. रक्त आलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी राग उरलेला नसतो. उरते ती लाज. ती बोलायला गेली तरी मी बोलत नाही, कारण सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. लोकांना वाटतं याने ताणून धरलंय. ताणायला दोरी हातात असावी लागते.

एक जुनी गोष्ट, संबंध आहे की नाही ते अनुजाताई सांगतील. पाचवीत मला वसतिगृहात ठेवलं. रविवारी भेटीची वेळ असायची. आई एसटीने यायची, डब्यात धपाटे आणि दही. पहिले काही रविवार मी फाटकाला लोंबकळून रडायचो. मग फाटकापर्यंत जायचो, पण रडायचो नाही. दिवाळीनंतर आई आली की मी आधी कॅरमचा डाव संपवायचो. ती बाकावर बसून राहायची. आईने नंतर कितीतरी लोकांना कौतुकाने सांगितलं, "आमचा पोरगा लवकर रुळला हो."

---

अनुजा_स, सोमवार, दुपारी १:३०

घुमा, संबंध आहे. नुसता आहे असं नाही, या शास्त्राचा उगमच तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातही इंग्लंडच्या कित्येक इस्पितळांत आईबापांना लहान मुलाजवळ थांबू देत नसत. भेटीसुद्धा मोजून-मापून. कारण हे की आई भेटून गेली की पोर रडतं, वॉर्ड बिघडतो. नाही आली तर दोनचार दिवसांत ते "रुळतं". जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थांना हे रुळणं खटकलं. त्यांनी हातातला कॅमेरा घेऊन अडीच वर्षांच्या एका मुलीचे इस्पितळातले आठ दिवस टिपले आणि १९५२ मध्ये डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर भडकले, आमच्यावर आळ घेताय म्हणाले. रॉबर्टसन यांचं म्हणणं असं होतं की मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि मग आईपासून सुटं होतं. बाहेरून हे तिसरं रूपच सगळ्यांत गुणी दिसतं. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात आईबापांना मोकळेपणी येऊ द्या अशी शिफारस केली, त्यामागे याच कामाचा जोर होता.

रॉबर्टसन ज्यांच्याबरोबर काम करायचे ते जॉन बोल्बी. लळ्याचा सिद्धांत त्यांचा. हे स्वतः लंडनच्या बड्या सर्जनचे चिरंजीव. आईची भेट दिवसातून तासाभराची, चहानंतर. जीव होता तो दाईवर, आणि ती साधारण चौथ्या वर्षी सोडून गेली. पुढे लहानपणीच रवानगी निवासी शाळेत. म्हणजे फाटकावर लोंबकळणं काय असतं हे या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

तुमचा कॅरमचा डाव मी पुढच्या वर्षी वर्गात सांगितला तर चालेल का? नाव अर्थातच घेणार नाही.

---

घुमा, सोमवार, दुपारी १:४१

सांगा.

---

खडूस आजोबा, सोमवार, सायंकाळी ६:२०

हल्ली ज्याला त्याला ही लेबलं चिकटवायची हौस आली आहे. नातसून फोनवर दहा प्रश्न सोडवते आणि जाहीर करते, "मी अँक्शस, हा अव्हॉयडंट." म्हणजे ती धास्तावणारी, तो अंग चोरणारा. झालं! पूर्वी पत्रिका बघायचे, आता हे बघतात. मंगळ तो मंगळच.

माझे दोन आक्षेप. पहिला, बाल्टिमोरच्या २६ घरांवरून जगाचं काळीज मोजायचं? आमच्या वाड्यात मूल कुणाच्या कडेवर आहे हे आईला विचारूनही कळायचं नाही. काकू भरवायची, आत्या झोपवायची, आजीजवळ निजायचं. अशा घरात "आई खोलीबाहेर गेली" याने काय आकाश कोसळणार?

दुसरा जास्त महत्त्वाचा. अबोला ही नुसती मनाची गोष्ट नाही, तो घराचा एक रिवाज होता. माझी आई सोळाव्या वर्षी अकरा माणसांच्या घरात आली. भांडायला तोंड नव्हतं आणि रडायला खोली नव्हती. तिचं एकमेव हत्यार म्हणजे न बोलणं. पोळ्या तेवढ्याच, तशाच मऊ. फक्त वाढताना "आणखी घ्या" म्हणायची नाही. वडिलांना चौथ्या घासाला कळायचं. अयोध्येच्या राजवाड्यात तर कोपभवन नावाची वेगळी जागा होती. कैकेयी तिथे जाऊन पडली, आणि दशरथाला बघताक्षणीच समजलं की काहीतरी बिनसलंय. आता तिची कुठली "स्टाइल" म्हणायची?

---

अनुजा_स, सोमवार, रात्री ९:१०

आजोबा, लेबलांबद्दल शंभर टक्के सहमत. मोठ्यांच्या प्रेमाला हे वर्गीकरण लावलं ते हेझन आणि शेव्हर यांनी, १९८७ मध्ये, आणि त्यासाठी एका वर्तमानपत्रात प्रश्नावली छापली होती. त्यामुळे फोनवरची दहा प्रश्नांची चाचणी अगदीच परकी नाही, त्याच घराण्यातली आहे. फरक इतकाच की संशोधक आता ठोकळे मानत नाहीत, कमी-जास्त मानतात. एकच माणूस आईशी एक, बायकोशी दुसरा, जिवलग मित्राशी तिसरा असू शकतो.

पहिल्या आक्षेपाबद्दल थोडी दुरुस्ती. एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरच्या आधी, १९५४-५५ मध्ये, युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी बसून आया आणि बाळं पाहिली होती. "आई म्हणजे तळ, तिथून निघायचं आणि तिथे परतायचं" हे त्यांना तिथे स्पष्ट दिसलं. पण तुमचा मूळ मुद्दा खराच आहे. १९८८ मध्ये ८ देशांतले असे प्रयोग एकत्र ठेवून पाहिले गेले, त्यांत भारत नव्हता. निघालेली गंमत अशी की देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या दोन अभ्यासांतला फरक जास्त, साधारण दीडपट. जपानी बाळं फार रडली, कारण आईविना एकटं राहणं हेच त्यांना नवीन होतं. जर्मनीतल्या मानसशास्त्रज्ञ हायडी केलर तर वर्षानुवर्षं हेच सांगताहेत की हे सगळं शहरी मध्यमवर्गीय आईच्या मापाने शिवलेलं आहे.

तुमच्या आईंच्या अबोल्यावर मात्र माझ्याकडे शास्त्र नाही. तो मला आवडला, एवढंच.

---

पानगळ, सोमवार, रात्री ९:४८

आजोबांच्या प्रतिसादावरून सुचलं. आपल्याकडे रुसवा वेगळा आणि अबोला वेगळा. रुसणारा माणूस दार किलकिलं ठेवतो. फुगून बसतो ते कुणीतरी येऊन मनधरणी करेल या खात्रीने. रुसायला समोरच्यावर भरवसा लागतो. माझी मुलगी आजोबांवर रुसते, शेजारच्या काकांवर कधीच नाही.

अबोल्यात ती खात्री संपलेली असते. कैकेयी रुसली होती, अबोला धरला नव्हता!

जपानी भाषेत "अमाए" असा शब्द आहे, आपले लाड पुरवले जाणार हे गृहीत धरून केलेला लडिवाळपणा. ताकेओ दोई या मनोविकारतज्ज्ञांनी १९७१ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मला वाचताना वाटलं, रुसव्यावर आपण कधी लिहिणार?

---

रेवाकाठची, मंगळवार, सकाळी ८:०५

सगळं छान चाललंय, तरी मी मध्येच कडू बोलणार आहे.

माझ्या पूर्वीच्या नवऱ्याचा सगळ्यांत लांब अबोला चार महिन्यांचा होता. त्याचे ठोके वाढत नव्हते. तो सोसायटीत हसून बोलायचा, मित्रांना जेवायला बोलवायचा, आणि त्यांच्यासमोर मी काही विचारलं तर जणू खुर्ची बोलली. मी माफी मागितली की दोन दिवस बोलायचा, मग पुन्हा बंद. माफी कशाची तेही मला माहीत नसायचं. हा घाबरलेला माणूस नव्हता. नळाची तोटी हातात असलेला होता.

बाहेर काढलं जाणं काय असतं यावरही प्रयोग झालेत. किपलिंग विल्यम्स यांचा संगणकावरचा चेंडूचा खेळ आहे. तिघं चेंडू फेकताहेत, आणि अचानक बाकीचे दोघं तुमच्याकडे फेकायचे थांबतात. अनोळखी लोक, पडद्यावरचा फालतू खेळ, तरी माणसाला काही मिनिटांत लागतं. मग ज्याच्याशेजारी निजायचं त्याने चार महिने चेंडू फेकला नाही तर?

"बिचारा आतून घाबरलेला असतो" हे वाक्य मी माझ्या आईकडून, सासूकडून आणि एका समुपदेशकाकडून ऐकलं आणि सहा वर्षं फुकट घालवली. ताई, तुमच्या नवऱ्याचं तसं नसेल. दोन सात लिहिणारा माणूस मला बरा वाटतो. पण हा धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं असेल तर १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि मनाला फारच जड झालं तर १४४१६ वर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं.

---

खडूस आजोबा, मंगळवार, सकाळी ८:३१

रेवाकाठची, आईच्या अबोल्याचं मी कौतुक केलं ते मागे घेत नाही. पण ज्याच्या हातात सगळं आहे त्याचा अबोला आणि जिच्या हातात काहीच नाही तिचा, हे दोन वेगळे. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

---

कोयनाकाठ, मंगळवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. रेवाकाठची, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

आमच्याकडे तसं नाही, एवढं मी प्रामाणिकपणे सांगू शकते. हा गप्प असतानाही माझ्या गाडीत पेट्रोल भरून ठेवतो.

पण एक शंका, आणि थोडा रागही. म्हणजे आता मी काय करायचं? त्याचे ठोके वाढतात म्हणून मी गप्प बसायचं? माझेही वाढतात की! फक्त माझे तोंडावाटे बाहेर येतात. त्याने शटर ओढलं की माझ्या पोटात खड्डा पडतो, आणि मी जास्त जोरात ठोकते. मला माहितेय की ठोकल्याने उघडत नाही. तरी ठोकते. माझे बाबा फिरतीच्या नोकरीत होते, येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. कदाचित ते असेल. ते मी इथे उकलत बसत नाही.

---

अनुजा_स, बुधवार, सकाळी ७:२०

कोयनाकाठ, तुमचा राग रास्त आहे. लळ्याच्या नजरेने पाहिलं तर तुम्ही दोघं एकाच भीतीची दोन रूपं आहात: हे माणूस हातचं जाईल. तुम्ही ठोकता, तो दडतो. तुम्ही ठोकता म्हणून तो दडतो, तो दडतो म्हणून तुम्ही ठोकता. आधी कोणी सुरू केलं हे शोधण्यात अर्थ नाही.

सिएटलच्या जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना यंत्रं लावून भांडायला बसवलं. भिंतीसारखे गप्प होणारे बहुतेक पुरुष होते, साधारण ८५ टक्के. त्यांचं सांगणं असं की ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही. घुमांचा फ्रिज तो हाच. आणि अंग निवायला निदान वीस मिनिटं लागतात. एकदा त्यांनी यंत्र बिघडल्याचं सांगून जोडप्यांना अर्धा तास नुसती मासिकं वाचायला दिली. परत भांडायला बसवलं तेव्हा ठोके उतरलेले होते आणि भांडणाचा सूरही. मला या प्रयोगाचं नेहमी हसू येतं. दिवाळी अंकांचा हा उपयोग कुणाच्या लक्षात आला नव्हता.

म्हणजे उठून जाण्यात गैर काही नाही. गैर आहे ते कधी परतणार हे न सांगता जाणं. वीस मिनिटं त्याला हवीत, आणि ती वीसच आहेत हे तुम्हाला कळायला हवं.

मुलाचं. तो "काही नाही" म्हणाला म्हणून लगेच धसका घेऊ नका. नऊ वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट आईपासून लपवायचा हक्क आहे. पण पोस्टमनकी बंद करा, आजपासून. मार्क कमिंग्ज यांचं आयुष्यभराचं काम मुलं आणि आईबापांची भांडणं यांवरच आहे. भांडण पाहिल्याने मुलं बिथरतात, पण ते मिटलेलं दिसलं की पुष्कळ सावरतात. बंद दाराआड मिटलं आणि नंतर सांगितलं तरी फरक पडतो. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. भांडण हॉलमध्ये आणि समेट स्वयंपाकघरात, कुजबुजत. पोराला पहिला अंक दिसतो, तिसरा कधीच नाही.

---

माईआजी, बुधवार, दुपारी ४:१२

मी ७८ वर्षांची आहे. नातीने टाइप करून दिलं आहे.

तुमचं इंग्लंड-अमेरिकेचं सगळं वाचलं. मला एक कळत नाही. आपल्यात घरातून निघताना "जाते" म्हणतात का? "येते" म्हणतात. लहानपणी चुकून "जाते" म्हटलं तर आई परत आत बोलवायची, दोन मिनिटं बसवायची, आणि मग "येते" म्हणवून घेऊन सोडायची. मग भांडणातून उठतानाच कसं विसरतात? तेव्हाही म्हणावं, "येतो."

आमचे हे तापट होते. तोंडाने म्हणायचे नाहीत. पण चिडून बाहेर निघाले की पायरीवरून ओरडायचे, "दूध आणायचंय का?" मला समजायचं, येणार आहेत.

---

अनुजा_स, बुधवार, दुपारी ४:४०

माई, नमस्कार करते. एन्सवर्थ यांच्या प्रयोगात आई गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती परतल्यावर काय झालं याला जास्त महत्त्व होतं. मी हे वीस वर्षं शिकवतेय आणि "येते" मला एकदाही आठवलं नाही.

---

घुमा, बुधवार, रात्री १०:२६

काल रात्री हा धागा बायकोला वाचायला दिला. कॅरमचा परिच्छेद वाचून तिने फोन खाली ठेवला आणि काही न विचारता पाठीवर हात ठेवला. बराच वेळ. मीही काही बोललो नाही, पण हे गप्प वेगळं होतं. कान गरम झाले नाहीत.

---

अनुजा_स, बुधवार, रात्री १०:३३

जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांच्या मेंदूची चित्रं घेतली, विजेचा सौम्य झटका बसेल अशी धास्ती दाखवून. नवऱ्याचा हात धरलेला असताना मेंदूतली धास्ती कमी दिसली, अनोळखी हातानेही थोडी कमी, पण नवऱ्याच्या हाताइतकी नाही. नातं जितकं बरं तितका फरक जास्त. हात ठेवणाऱ्याने काही बोलायचं नव्हतं.

---

कोयनाकाठ, तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ११:१५

धागा वर काढतेय. काहींनी व्यनि करून विचारलं म्हणून.

चमत्कार वगैरे झालेला नाही. मखर कुठे ठेवायचं यावर परवा पुन्हा वाजलं. मला खिडकीशी हवं होतं, त्याला टीव्हीच्या जागी. मी सुरू झाले, त्याचा चेहरा बंद व्हायला लागला. मी गप्प बसले असं म्हणणार नाही. आणखी दोन वाक्यं बोललेच. मग तो उठला, चपला घातल्या, दारापर्यंत गेला. दार उघडलं. दाराकडेच तोंड करून म्हणाला, "येतो अर्ध्या तासात." माईंचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला होता, तेव्हा तो नुसता हं म्हणाला होता.

अर्धा तास मी भांडी घासली. मोलकरीण येणार होती, तरी घासली. मुलगा ओट्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा गेला?" मी म्हटलं, "येतो म्हणालाय."

सत्तेचाळीस मिनिटांनी आला. अर्धा तास नाहीच! हातात कोथिंबीर होती, जी घरात आधीच दोन जुड्या होती. माझ्याशी न बोलता आधी पोराकडे गेला. त्याला म्हणाला, "आईचं नि माझं मखरावरून भांडण झालंय. आता आम्ही टेप घेऊन मोजणार आहोत. तू धर एक टोक." तिघांनी मोजलं. खिडकीशी चार इंच कमी पडतात.

मग टेप गुंडाळता गुंडाळता पोरगा रिलेचं बोलला. आपणहून, आमच्याकडे न बघता, टेपकडे बघत. बापाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मलाही कबड्डीतून काढलं होतं सातवीत." हे मलाही माहीत नव्हतं.

जूनपासून का सांगितलं नाही, ते अजून विचारायचं राहिलंय. विचारणार आहे. गौरी जेवल्या की.

---

टवाळखोर, शनिवार, रात्री ११:२९

घड्याळ काय म्हणालं ते राहिलं.

---

कोयनाकाठ, शनिवार, रात्री ११:३४

चार्जिंगला होतं.